कर्णधार बदलण्याआधी त्याच्या हाती काय दिले ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गुवाहाटी कसोटीत भारत दक्षिण आफ्रिकेकडून ४०८ धावांनी हरल्यापासून मडगावच्या बाजारापासून पर्वरीच्या मैदानापर्यंत एकच मागणी कानावर येते: शुभमन गिलला काढा. कुणाला पंत हवा, कुणाला राहुल, कुणाला बुमराह. धावांच्या हिशेबात हा भारताचा आजवरचा सर्वांत मोठा पराभव, शिवाय दक्षिण आफ्रिकेने २००० नंतर प्रथमच आपल्याकडे कसोटी मालिका जिंकली. राग येणारच. पण तो चुकीच्या माणसावर निघतो आहे. गुवाहाटीत गिल खेळलाच नव्हता. कोलकात्यात तीन चेंडू खेळून मान धरून तो बाहेर गेला आणि पुढे संघ पंतने सांभाळला. त्याच्या आदल्या वर्षी न्यूझीलंडने आपल्याला घरात ३-० असे हरवले, तेव्हा कर्णधार रोहित शर्मा होता. दोन मोसमांत घरच्या मैदानावर पाच कसोटी गेल्या आणि या काळात तीन जणांनी नेतृत्व केले. माणसे बदलूनही निकाल तोच येत असेल तर दुखणे दुसरीकडे आहे.

आधी खेळपट्टी. पुण्यात न्यूझीलंडच्या सँटनरने १३ बळी घेतले, वानखेडेवर एजाझ पटेलने ११, कोलकात्यात आफ्रिकेच्या हार्मरने ८. तिघेही बोटांनी चेंडू फिरवणारे. सामन्याआधी बरेच दिवस पाणी तोडायचे, गवत काढून टाकायचे आणि कोरडा वरचा थर रोलरने नुसता दाबून ठेवायचा, असे केले की पहिल्याच दिवशी पृष्ठभागाचे पापुद्रे सुटू लागतात. मग एकाच टप्प्यावर पडलेला एक चेंडू हातभर वळतो आणि दुसरा सरळ आत येतो. कोणता वळणार हे टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते. फलंदाज वळणाऱ्या चेंडूसाठी बॅट बाहेर नेतो आणि सरळ आलेला पॅडवर बसतो. अशा ठिकाणी टप्पा न सोडता जरा वेगाने चेंडू टाकणारा कुठलाही चांगला फिरकी गोलंदाज पुरेसा होतो, आणि कुलदीपसारख्या मनगटी गोलंदाजाने हवेत केलेल्या फसवणुकीला किंमत उरत नाही. दोन संघांच्या फिरकीतले अंतर आपणच पुसून टाकतो. वर नाणेफेकीचे वजन वाढते. पुणे, मुंबई, कोलकाता, तिन्ही ठिकाणी नाणेफेक पाहुण्यांनी जिंकली आणि आपल्या वाट्याला चौथा डाव आला. वानखेडेवर १४७ हव्या होत्या, १२१ झाल्या. कोलकात्यात १२४ हव्या होत्या, ९३ झाल्या. त्या सामन्यानंतर प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी अशीच खेळपट्टी आम्हाला हवी होती, असे जाहीरपणे सांगितले. तेव्हा हिशेब मागायचाच तर तो संघ व्यवस्थापनाकडेही मागावा.

मात्र सगळे खापर खेळपट्टीवर फोडता येत नाही. गुवाहाटीची लाल मातीची खेळपट्टी चांगली होती. तिच्यावर आफ्रिकेने ४८९ केल्या आणि आपण १ बाद ९५ वरून ७ बाद १२२ झालो. उंचापुऱ्या यान्सनने आखूड टप्प्याचा मारा केला आणि ४८ धावांत ६ बळी घेतले. त्याच डावात कुलदीप यादव १३४ चेंडू खेळला. तळाच्या फलंदाजाला खेळून काढता आले ते वरच्या फळीला जमले नाही, कारण चेंडू सोडण्याची आणि मऊ हाताने अडवण्याची सवय मोडली आहे. ती सवय सहा दिवसांत परत येत नाही. ८ नोव्हेंबरला ब्रिस्बेनमध्ये टी-२० मालिका संपली आणि १४ नोव्हेंबरला कोलकात्यात कसोटी सुरू झाली. गिल दोन्हीकडे होता. आफ्रिकेचा संघ ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानात फिरकीवर दोन कसोटी खेळून आला होता. दुखापतीमुळे तो दौरा हुकलेला त्यांचा कर्णधार बव्हुमा 'अ' संघाकडून बंगळुरूत चार दिवसांचा सामना खेळला आणि मगच कोलकात्यात उतरला. तिथे दुसऱ्या डावात त्याने नाबाद ५५ केल्या. संपूर्ण सामन्यातले ते एकमेव अर्धशतक. ७ बाद ९३ वरून आफ्रिका १५३ पर्यंत पोचली, म्हणजे शेवटच्या तीन गड्यांनी ६० धावा जोडल्या आणि आपण ३० धावांनी हरलो. इतका साधा हिशेब आहे.

आता संघनिवड. कर्णधार म्हणून गिलच्या नावावर नोंदल्या गेलेल्या आठ कसोटी आणि गुवाहाटी धरून नऊ सामन्यांत तिसऱ्या क्रमांकावर तीन जण खेळले: साई सुदर्शन, करुण नायर, वॉशिंग्टन सुंदर. सुंदर कोलकात्यात तिसरा आला आणि पुढच्याच कसोटीत आठवा. तिसऱ्या क्रमांकाचे काम नवा चेंडू जुना करण्याचे. ते कुणाचे हे ठरलेले नसेल तर चौथ्या-पाचव्या क्रमांकावरच्यांना दहाव्या षटकातच पॅड बांधून बसावे लागते.

गोलंदाजीतही तसेच. खोल फलंदाजीच्या हट्टापायी अष्टपैलू भरले जातात आणि प्रत्यक्षात ना धावा मिळतात ना बळी. इंग्लंड दौऱ्यात लीड्सला शार्दूल ठाकूरला पहिल्या डावात सहा षटके मिळाली, इंग्लंड मात्र शंभर षटके खेळले. धावांसाठी म्हणावे, तर त्याच कसोटीत आपले शेवटचे सात गडी ४१ धावांत आणि दुसऱ्या डावात शेवटचे सहा ३१ धावांत गेले. आपण पाच शतके ठोकूनही इंग्लंडने ३७१ चा पाठलाग पूर्ण केला. कुलदीप त्या दौऱ्यातल्या पाचही कसोटींत बाकावर होता. कोलकात्यात चार फिरकी गोलंदाज खेळवले आणि पहिल्या डावात सुंदरने एक षटक टाकले. कसोटी जिंकायला २० बळी लागतात, आणि ते घेणारे पाच पूर्ण वेळचे गोलंदाज कर्णधाराच्या हाती नसतील तर मैदानावर तो क्षेत्ररक्षक इकडून तिकडे हलवण्यापलीकडे काय करणार?

हे सगळे मान्य करून जे खरोखर गिलच्या हातात होते त्यावर त्याला तपासावे, आणि तिथे त्याची सुटका करू नये. मँचेस्टरला इंग्लंडने ६६९ केल्या. सुंदरच्या हाती चेंडू आला तो ६८ षटकांनंतर, आणि आल्यावर लगेच त्याने पोप आणि ब्रूकला काढले. हा उशीर महागात पडला. दिल्लीत वेस्ट इंडिजला २४८ वर गुंडाळून फॉलोऑन दिला, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला लावले, त्यांनी ३९० केल्या, आणि मंद खेळपट्टीवर आपल्या गोलंदाजांना सलग २०० षटके टाकावी लागली. सामना जिंकला, तरी पुन्हा फलंदाजी करून गोलंदाजांना विश्रांती देणे शहाणपणाचे ठरले असते, असे माझे मत आहे.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ओव्हलवर शेवटच्या सकाळी इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या, चार गडी शिल्लक होते आणि चार षटकांत नवा चेंडू मिळणार होता. बहुतेक कर्णधारांनी तो लगेच घेतला असता. पण ढगाळ हवेत जुना चेंडू सिराजच्या हातून छान स्विंग होत होता. नवा कडक चेंडू बॅटची कड घेऊन झपकन सीमेपार जातो, आणि अशा वेळी दोन चौकार म्हणजे सामन्याचा निकाल. गिलने जुनाच चेंडू ठेवला, ८६ व्या षटकात सिराजने अॅटकिन्सनचा त्रिफळा उडवला आणि भारत ६ धावांनी जिंकला. पहिल्याच मालिकेत ७५४ धावा करून, पाचही नाणेफेकी हरून, त्याने २-२ अशी बरोबरी राखली. बुमराहकडे कायमचे नेतृत्व द्या म्हणणाऱ्यांनी सिडनीची शेवटची कसोटी आठवावी: कर्णधार तोच होता आणि पाठ धरल्यामुळे दुसऱ्या डावात एकही चेंडू टाकू शकला नाही.

कर्णधाराने काय करायचे असते याचा एक नमुना आपल्या गोव्याशी जोडलेला आहे. १९७१, किंग्स्टन. भारत ५ बाद ७५. मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई सोलकरांबरोबर १३७ आणि प्रसन्नांबरोबर नवव्या गड्यासाठी १२२ जोडून २१२ वर थांबले, भारत ३८७. वेस्ट इंडिज २१७. आघाडी १७०, म्हणजे पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनला अपुरी. पण पहिला दिवस पावसात गेला होता, त्यामुळे सामना चार दिवसांचा धरला जाऊन १५० पुरत होत्या. अजित वाडेकरांनी हा नियम लक्षात ठेवला आणि स्वतः वेस्ट इंडिजचे कर्णधार सोबर्स यांच्या खोलीत जाऊन पुन्हा फलंदाजी करा म्हणून सांगितले. सामना अनिर्णित राहिला, पण यजमान हादरले आणि पुढची कसोटी भारताने जिंकली. मात्र हा नियम वापरायची वेळ आली ती सरदेसाईंच्या २१२ मुळे. ५ बाद ७५ वरून संघ दीडशेत संपला असता तर वाडेकरांचे नियमज्ञान कुणाला कळलेही नसते.

पुढचे गणित अवघड आहे. जागतिक कसोटी स्पर्धेच्या या पर्वात गुवाहाटीपर्यंतच्या नऊ सामन्यांत ४ विजय, ४ पराभव, १ अनिर्णित, म्हणजे १०८ पैकी ५२ गुण. श्रीलंका आणि न्यूझीलंडमध्ये प्रत्येकी दोन आणि घरी ऑस्ट्रेलियाशी पाच कसोटी बाकी आहेत. एकूण गुणांच्या साठ टक्के गाठायचे तर या नऊपैकी सहा जिंकून दोन अनिर्णित ठेवाव्या लागतील. ऑस्ट्रेलियासाठी पुन्हा पहिल्या दिवसापासून भुसभुशीत होणाऱ्या खेळपट्ट्या मागवल्या तर त्यांचा फिरकी गोलंदाज लायनचे काम आपणच सोपे करू. पहिल्या सकाळी वेगवान गोलंदाजाला थोडे गवत, दोन दिवस फलंदाजाला धावा आणि तिसऱ्या दुपारपासून फिरकी, अशी खेळपट्टी हवी. रणजी संघटनांनीही तीच बनवावी, आपल्या पर्वरीतसुद्धा. तिथे २०२४ मध्ये गोव्याच्या जोडीने अरुणाचलविरुद्ध नाबाद ६०६ ची भागीदारी केली, रणजी स्पर्धेतला तो विक्रम आहे आणि त्याचा आनंद आहेच. पण त्या धावा खालच्या प्लेट गटातल्या होत्या, आता गोवा एलिट गटात आला आहे.

शेवटी एक विनंती आपल्या क्रीडापानासाठी. कसोटीचा धावफलक छापताना जागा कमी पडली की आधी गोलंदाजीचे पृथक्करण आणि 'बाद क्रम' कापला जातो. सुंदरचे एक षटक, शार्दूलची सहा षटके, ४१ धावांत गेलेले सात गडी, हे सारे त्या दोन-तीन ओळींतच दिसते. निवड समितीवरच्या अटकळींची चौकट एक दिवस वगळली तरी चालेल, या ओळी मात्र पूर्ण छापाव्यात.

आपला,
एक नियमित वाचक, फोंडा