ऑइलच्या दिव्यावर विसंबायला सांगणाऱ्या ग्राहक सेवेबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापन, ग्राहक सेवा विभाग

विषय : लांबच्या प्रवासात इंजिन ऑइल कमी होणे आणि त्याबद्दल दिलेला धोकादायक सल्ला

काल संध्याकाळी तुमच्या ग्राहक सेवेशी माझा पाचवा फोन झाला. तो ठेवून दहा मिनिटं झाली नाहीत तोच मोबाइलवर संदेश आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ कोणी केलं? कसं केलं? गाडी कोणी बघितलेलीसुद्धा नाही.

गाडीचा आणि इंजिनाचा तपशील तुमच्याकडे आहे. वीस हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग मे महिन्यात तुमच्याच नागपूरच्या केंद्रात झाली. ऑइल नवं, फिल्टर नवा. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी खुणांची पट्टी, मी स्वतः काढून बघितली, ऑइल वरच्या खुणेला होतं. तिसऱ्या दिवशी आम्ही समृद्धी महामार्गाने ठाण्याला निघालो. नागपूरजवळचं शिवमडका ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे 701 किलोमीटर. वेगमर्यादा 120 ची, मी 110 च्या पुढे फारशी गेले नाही. तरी इंजिन तासन्‌तास तीन हजार आरपीएमच्या आसपास फिरत होतं, त्यात विदर्भातला मे. अशा प्रवासात गाडी शहरापेक्षा जास्त ऑइल खाते, हे मला माहीत आहे. म्हणूनच ठाण्यात दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सपाट जागी उभी असताना, इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा पातळी बघितली. तुमची डिपस्टिक काळ्या प्लास्टिकची, पीळ असलेली. तिच्यावर मधाच्या रंगाचं नवं ऑइल धड दिसत नाही. टिश्यूने पुसून तीनदा घातली, दोन्ही बाजू बघितल्या आणि कमी दिसणारी बाजू धरली. पातळी अर्ध्याच्या खाली! तुमच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्धा लिटर ही मर्यादा आहे. इथे सातशेतच अर्ध्या लिटरहून जास्त गेलं होतं.

लगेच फोन केला. उत्तर मिळालं, ‘दोन खुणांच्या मध्ये आहे ना, मग काही करू नका. बाहेरचं ऑइल टाकलं तर वॉरंटी जाईल.’ मी तेव्हा दुकानातच उभी होते. पुस्तिकेत छापलेल्या ग्रेडचा, झिरो डब्ल्यू ट्वेंटीचा, एक लिटरचा डबा माझ्या हातात होता. तो मी परत ठेवला. तुमच्या शब्दावर ठेवला.

परतीच्या वाटेवर जेवायला म्हणून जालन्याला महामार्ग सोडला. उताराच्या वळणावर ऑइलचा लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि सरळ रस्ता लागताच विझला. मी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. दहा मिनिटांनी डिपस्टिक काढली, तर नुसतं टोक ओलं. जालना शहरातून ऑइल मागवून लिटरभर ओतलं, तरी वरची खूण गाठली नाही. चार लिटरच्या इंजिनातून अकराशे किलोमीटरमध्ये लिटरहून जास्त ऑइल गेलं आणि तुम्ही मला ते टाकू नका म्हणून सांगितलं होतं.

आता कालचा फोन. पलीकडच्या मुलाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘मॅडम, सर आहेत का जवळ?’
मी विचारलं, ‘कोण सर?’
‘म्हणजे गाडी चालवणारे.’
‘गाडी मी चालवते. आरसीवर माझं नाव आहे.’
‘हो, पण ऑइल वगैरे टेक्निकल असतं ना, सरांशी बोललो असतो तर पटकन समजलं असतं.’
माझे यजमान शेजारीच बसले होते. त्यांना गाडी येत नाही, कधी शिकलेच नाहीत. त्यांनी फोन घेतला आणि एवढंच म्हणाले, ‘ती सांगते ते ऐका.’ त्यावर हा मुलगा त्यांना समजावू लागला, ‘सर, दिवा लागून राहिला नाही ना, मग ऑइल आहे. मॅडमना डिपस्टिक नीट बघता आली नसेल.’
मी एकतीस वर्षं गाडी चालवते. वडिलांनी मला पद्मिनीवर शिकवलं तेव्हा स्टिअरिंगच्या आधी डिपस्टिक हातात दिली होती. काल मला फार लागलं, हे लपवत नाही.

तुमच्या माणसांना कोणीतरी सांगा की तो दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे. पातळी इतकी खाली गेली की वळणावर सम्पमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतलं, ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो, तेव्हा तो लुकलुकतो. तोवर बेअरिंग आणि टर्बो कोरडे पडायला लागलेले असतात. त्या दिव्याची वाट बघा, असं 120 च्या रस्त्यावरच्या माणसाला कसं सांगता?

केंद्रातल्या सल्लागाराने आणखी एक कारण पुढे केलं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं, पातळी भरलेली दिसते, मग लांब पल्ल्यावर पेट्रोल उडून जातं आणि पातळी उतरते. असं होतं, मान्य. पण माझं ऑइल प्रवासाच्या तीनच दिवस आधी तुम्हीच बदललं होतं. त्यात एवढं पेट्रोल आलं कुठून?

मला ऑइल कन्झम्प्शन टेस्ट हवी आहे. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरून सील करायचं, हजार किलोमीटर चालवून किती गेलं ते मोजायचं आणि निष्कर्ष लेखी द्यायचा. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी झडप) आणि टर्बोचे सील तपासा, ऑइल तिथूनही जाऊ शकतं. ऑइल टाकू नका, हा सल्ला चुकीचा होता हेही लेखी द्या. आणि लांब प्रवासात दर वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक बघा, एवढं एक वाक्य सर्व्हिसिंगच्या बिलावर छापा. माझ्यासारखे शेकडो लोक त्या रस्त्याने मुलंबाळं घेऊन जातात.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली नागपूरच्या जिल्हा आयोगात जाईन. ही तुमची माझ्या घरातली दुसरी गाडी आहे. पहिली बारा वर्षं चालवली, एकदाही असं पत्र लिहावं लागलं नाही.

पाचही फोनचं ध्वनिमुद्रण तुमच्याकडे असेल. निदान शेवटचं तरी कोणा वरिष्ठाने पूर्ण ऐकावं. जालन्यात घेतलेल्या ऑइलचं बिल सोबत जोडलं आहे. पुढच्या महिन्यात मला पुन्हा ठाण्याला जायचं आहे.

तुमची एक ग्राहक,
नागपूर