जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रक्ताच्या कर्करोगावरील बातम्यांत आणि आरोग्य पुरवण्यांत ‘जेनेटिक’ या शब्दासाठी सर्रास ‘आनुवंशिक’ असे छापले जाते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएलच्या बाबतीत हा शब्द साफ चुकीचा आहे. बातमी वाचून घरात सुरू होते ती भलतीच चर्चा: मुलांचे रक्त तपासायचे का, मुलीच्या स्थळाकडे हे बोलायचे का. या आजारातला दोष आईबापांकडून येत नाही आणि मुलांकडे जात नाही. तो हाडांतल्या मज्जेच्या एकाच मूळ पेशीत, जन्मानंतर घडतो. एकसारख्या जुळ्या भावंडांतही एकालाच सीएमएल झालेला आणि दोष फक्त त्याच्याच रक्तात सापडलेला आहे.

हा दोष नेमका काय आहे, हे शिकागोच्या डॉ. जॅनेट रॉली यांनी दाखवले. त्याआधी १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले होते. नॉवेल यांनी स्लाइड नळाच्या पाण्याने धुतली, पेशी फुगल्या आणि एकमेकांत गुंतलेली गुणसूत्रे सुटी झाली. आज प्रयोगशाळेत नळाच्या पाण्याऐवजी ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइड वापरतात, पण युक्ती तीच. वेळ कमी पडला तर गुणसूत्रांचा गुंता सुटत नाही. जास्त झाला तर पेशी फुटून एखाद-दुसरे गुणसूत्र वाहून जाते आणि नवखा माणूस ‘४५ गुणसूत्रे’ अशी नोंद करून बसतो. म्हणूनच एकट्या पेशीत गुणसूत्र कमी भरले तर ते धरत नाहीत. तीन पेशींत तेच हरवलेले दिसले तरच लिहितात.

आखूड गुणसूत्राचा तुकडा गळून गेला, असे त्यानंतर बारा वर्षे मानले जात होते. रॉली १९७०-७१ मध्ये ऑक्सफर्डला क्विनॅक्रिन या रंगद्रव्याने गुणसूत्रांवर चमकते पट्टे उमटवण्याची पद्धत शिकल्या. ही चमक सूक्ष्मदर्शकाखाली पाहता पाहता विझते, त्यामुळे आधी फोटो काढायचा आणि अभ्यास फोटोवर करायचा. रॉली आठवड्यातून मोजकेच दिवस कामावर जात. घरी जेवणाच्या टेबलावर कात्रीने एकेक गुणसूत्र कापून जोड्या लावत. आई कागदी बाहुल्यांशी खेळते, अशी मुले चेष्टा करत. त्या टेबलावर १९७२ मध्ये आधी अक्यूट मायलॉइड ल्युकेमियातील ८ व्या आणि २१ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल दिसली. मग सीएमएलच्या फोटोंत ९ व्या गुणसूत्राच्या शेपटाला एक फिकट जादा तुकडा दिसला, नेमका २२ व्याचा, म्हणजे त्या आखूड गुणसूत्राचा, हरवला होता तेवढाच. तुकडा गळला नव्हता, जागा बदलून बसला होता. हा शोधनिबंध जून १९७३ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्याच रुग्णाच्या त्वचेच्या पेशी वाढवल्या तर तिथले ९ आणि २२ मात्र नेहमीसारखेच असतात. ‘आनुवंशिक नाही’ याचा याहून सरळ पुरावा नाही.

पुढचे सर्वांना माहीत आहे. तुकडे जुळतात त्या सांध्यावर बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुके चिकटून एक कायम चालू राहणारे विकर तयार होते, इमॅटिनिब ही गोळी ते बंद पाडते. २००१ मध्ये अमेरिकेत या गोळीला मान्यता मिळाली, आणि १ एप्रिल २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या पेटंट नाकारणाऱ्या निकालानंतर आपल्याकडे स्वस्त जेनेरिक गोळीचा मार्ग मोकळा राहिला. गोळीबद्दल भरपूर छापून येते. तोच सांधा रक्तात मोजता येतो, आणि सारे उपचार त्या आकड्यावर चालतात, हे फारसे कुठे येत नाही. म्हणून थोडे सविस्तर.

गुणसूत्रांच्या तपासणीत साधारण २० पेशी पाहतात, फिशमध्ये (जनुकांवर चमकत्या खुणा चिकटवून पाहण्याची तपासणी) सुमारे २००. पीसीआरने (जनुकाच्या प्रती वाढवून मोजण्याची तपासणी) लाखात एक पेशीही पकडता येते, पण रक्त नीट आले तर! पीसीआरला जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी लागते, एकूण १० मिली रक्त, नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट केलेली. हिरव्या टोपणाच्या नळीतले हेपरिन पीसीआरची क्रियाच अडवते. गुणसूत्रांसाठी मात्र तीच हिरवी नळी हवी, कारण तिथे पेशी जिवंत राहून विभागायला हव्यात. मज्जा काढताना सिरिंजची पहिली ओढ सर्वांत दाट असते, नंतरच्या ओढींत रक्त मिसळत जाते. पहिली ओढ कुठल्या तपासणीला द्यायची हे आधीच ठरवलेले बरे. नळी बर्फाला टेकवून थर्माकोलच्या डब्यात घातली की रक्त गोठून पेशी फुटतात. पीसीआर ज्यावर चालते ते पेशींतले आरएनए तर तासागणिक तुटते, त्यामुळे नळी २४ तासांत लॅबमध्ये पोचावी. तालुक्याच्या गावी शुक्रवारी संध्याकाळी रक्त दिले आणि कुरिअरने ते सोमवारी उघडले, तर त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. सोमवार ते बुधवारी रक्त द्यावे.

आता रिपोर्ट. त्यातला आकडा म्हणजे एबीएलच्या प्रतींच्या तुलनेत बीसीआर-एबीएलच्या प्रती किती टक्के. तो ‘इंटरनॅशनल स्केल’वर आहे का, हे आधी पाहावे, नसेल तर दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी त्याची तुलना करता येत नाही. उपचार सुरू केल्यावर ३ महिन्यांनी १० टक्के, ६ महिन्यांनी १ टक्का आणि १२ महिन्यांनी ०.१ टक्का किंवा त्याखाली आले की गाडी रुळावर आहे. ०.०२ चे ०.०४ झाले म्हणून रात्रभर जागू नये, एवढा फरक तपासणीतच पडतो, पुन्हा मोजावे. ०.१ च्या खाली गेलेला आकडा पुन्हा ०.१ च्या वर चढला तर मात्र थांबू नये.

‘निगेटिव्ह’ या शब्दाने सर्वांत जास्त घोटाळा होतो. त्याच रिपोर्टवर एबीएलच्या प्रती किती मोजल्या तो आकडा हवा. १०,००० प्रतींत एकही बीसीआर-एबीएल नाही, तर ते ०.०१ टक्क्याखाली. ३२,००० प्रतींत नाही, तर ०.००३२ खाली. सँपल खराब होऊन जेमतेम ८०० प्रती मिळाल्या आणि त्यांत काही सापडले नाही, तर तो ‘निगेटिव्ह’ कवडीमोलाचा. आणखी एक फसवी जागा: बहुतेक किट सांध्याचे ई१३ए२ आणि ई१४ए२ हे दोनच प्रकार मोजतात. क्वचित एखाद्याचा सांधा ई१ए२ असतो, आणि अशा रुग्णाचा रिपोर्ट पहिल्या दिवसापासून निगेटिव्ह येत राहतो. म्हणून निदानाच्या वेळीच सांध्याचा प्रकार लिहून घ्यावा आणि तो कागद जपावा.

आकडा वाढला की पहिला प्रश्न गोळ्यांचा. लंडनमधील एका अभ्यासात (२०१०) ९० टक्क्यांहून जास्त डोस घेणाऱ्यांपैकी ९४.५ टक्के जण सहा वर्षांत ०.१ च्या खाली पोचले. त्याहून कमी घेणाऱ्यांत हेच प्रमाण २८.४ टक्के होते. ९० टक्के म्हणजे महिन्यात तीन दिवस चुकणे. उपासाच्या दिवशी गोळी टाळणे यातच येते. ४०० मिग्रॅची गोळी जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाण्याने घ्यावी; रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, आणि मळमळले की माणूस ती चुकवतो. डोस चुकले नसतील तर एबीएलमध्ये नवा बदल (म्युटेशन) झाला आहे का ते तपासावे. टी३१५आय हा बदल निघाला तर इमॅटिनिब, डॅसॅटिनिब, निलोटिनिब यांपैकी एकही गोळी चालत नाही; पोनॅटिनिब किंवा ॲसिमिनिबकडे वळावे लागते. गोळी बंद करण्याचा विचार काही वर्षांचे उपचार आणि किमान दोन वर्षे ०.०१ खाली सलग राहिल्यावर, तोही डॉक्टरांच्या देखरेखीत. बंद केलेल्यांपैकी साधारण निम्म्यांत आजार परततो आणि बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत, म्हणून तेव्हा दर महिन्याला पीसीआर.

रक्ताचे काही कर्करोग खरोखर आनुवंशिक कलातून येतात, हेही लिहायला हवे. अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या रिपोर्टमध्ये डीडीएक्स४१, रनएक्स१, सीईबीपीए किंवा गाटा२ या जनुकांतला बदल त्या जनुकाच्या सुमारे निम्म्या प्रतींत दिसला, तर तो जन्मजात आहे का हे पाहावे लागते. तेव्हा रक्त किंवा लाळ चालत नाही, कारण दोन्हींत आजारी पेशी असतात. त्वचेचा छोटा तुकडा घेऊन त्या पेशी वाढवाव्या लागतात. मज्जा देणारा भाऊ किंवा बहीण तोच बदल घेऊन जन्मली असेल, तर ते प्रत्यारोपणाआधी कळायला हवे. ‘आनुवंशिक’ हा शब्द या कुटुंबांसाठी राखून ठेवावा, आणि सीएमएलच्या बातमीत ‘जनुकीय’ किंवा ‘गुणसूत्रातील बदल’ असे छापावे, एवढी विनंती.

आपले,
रक्ताच्या कर्करोगाच्या जनुकीय तपासण्या करणारे काही तंत्रज्ञ, मुंबई