साडेसात एचपीचा पंप घेऊ नये

मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय: नवीन पाण्याच्या पंपाची खरेदी थांबवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

वर्षात दोनदा मोटर जळाली, म्हणून आता ३ऐवजी ७.५ एचपीचा पंप घेणार असल्याचं नोटीस बोर्डावर वाचलं. कृपया ऑर्डर देऊ नका. कारखान्यात पंपांच्या देखभालीवर मी २८ वर्षं काढली आहेत, म्हणून कळवळून लिहितो आहे.

मोटर कमी ताकदीची होती म्हणून जळलेली नाही. दोन्ही वेळा ती उघडताना मी पंपरूममध्ये होतो. सील (शाफ्टजवळून पाणी मोटरीत जाऊ न देणारी कडी) जळालेलं, बेअरिंगला गंज, वाइंडिंग (मोटरीतली तारेची गुंडाळी) ओलं. मूळ दुखणं फूटव्हॉल्व्हचं आहे, म्हणजे टाकीतून पाणी ओढणाऱ्या सक्शन पाइपच्या तळाशी असलेल्या, पाणी परत उतरू न देणाऱ्या झडपेचं. तो गळतो, रात्रीतून सक्शन पाइप रिकामा होतो आणि पहाटे पंप कोरडाच फिरतो. सीलला गारवा मिळतो तो पंपातल्या पाण्याचाच. ते नसलं की थोड्याच वेळात सील तापून तडकतं आणि मग पाणी शाफ्टवरून थेट मोटरीत उतरतं. रोज बादलीने प्रायमिंग करावं लागतं, म्हणजे सुरू करण्याआधी पंपात पाणी भरावं लागतं, असं वॉचमन कितीतरी दिवस सांगत होता. आपण कोणीच ते मनावर घेतलं नाही.

आता मापाचं. खालच्या टाकीच्या तळापासून गच्चीवरच्या टाकीच्या तोंडापर्यंत दोरी सोडून मोजलं: २७ मीटर. दोन इंची पाइप आणि बेंड यांच्या घर्षणाचे ५ धरा. म्हणजे हेड (पंपाला पाणी जितकं उंच रेटावं लागतं ती एकूण उंची) ३२ मीटर. २८ घरांतली ११२ माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोजचं १५ हजार लिटर पाणी. मिनिटाला १६० लिटर देणारा पंप ते दीड-पावणेदोन तासांत चढवतो आणि त्याला ३ एचपी पुरते. मोठ्या पंपाने त्याच पाइपातून दुप्पट पाणी रेटलं तर घर्षण जवळपास चौपट होतं. जादा वीज त्यातच जाईल, शिवाय पंप बंद होताना पाइपांना बसणारा दणका वाढेल. दुकानात एचपी सांगूच नये. ३२ मीटर आणि १६० लिटर हे दोन आकडे द्यावेत आणि या मापाला सर्वात कमी वीज खाणारा पंप मागावा.

आधी फूटव्हॉल्व्ह बदला. खालच्या टाकीत फ्लोट स्विच बसवा, म्हणजे पाणी तळाला गेलं की पंप आपोआप बंद होईल. स्टँडबाय पंप दोन वर्षं जागचा हललेला नाही. दोन्ही पंप आलटून पालटून एकेक दिवस चालवा, नाहीतर नेमका गरजेच्या दिवशी स्टँडबाय जाम निघेल.

रविवारी सकाळी प्लंबर येणार असेल तर फूटव्हॉल्व्ह बसेपर्यंत मी तिथे थांबेन.

आपला,
फ्लॅट क्र. ५०३