किगांगोच्या कातेकिस्टा बाबांस

प्रिय बाबा,

तुम्सिफू येसू क्रिस्तो! ख्रिस्ताठायी तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना प्रेमाचा नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीत आहे. वसईहून, नाशिकहून टांझानियात सेवेला निघणाऱ्या पुढच्या सिस्टरांनी आणि फादरांनी ते सामान बांधायच्या आधी वाचावं, अशी आमची इच्छा आहे. तुम्हाला कोणीतरी किस्वाहिलीत वाचून दाखवेलच. तुमचं नाव मुद्दाम घातलं नाही. मुसोमाच्या आसपास, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठाने जाल तिथल्या प्रत्येक किगांगोत एक कातेकिस्टा, म्हणजे धर्मशिक्षक, असतो, आणि हे आभार त्या सगळ्यांचे आहेत.

आपल्या वाचकांसाठी सांगायचं तर किगांगो म्हणजे धर्मग्रामाचं, म्हणजे पॅरिशचं, बाहेरचं गाव. एकेका धर्मग्रामाखाली अशी बरीच गावं असतात. फादर मिस्सासाठी महिन्या-दोन महिन्यांनी पोचतात. मधल्या सगळ्या रविवारी प्रार्थना चालवणं, स्नानसंस्काराची शिकवणी घेणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं, मेलेल्याला माती देणं ही सगळी कामं कातेकिस्टाची. परदेशातून आलेला मिशनरी पाच-दहा वर्षं राहतो आणि जातो. कातेकिस्टा तिथेच असतो. आलेल्याला राहायला तोच शिकवतो आणि निघायलाही तोच शिकवतो. आभार मानायचे ते या दोन्ही शिकवण्यांचे.

मराठी माणसाचा पहिला गोंधळ नात्यांवरून उडतो. किस्वाहिलीत मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. बाबा तेवढे दोन्हीकडे बाबाच, म्हणून पत्राच्या मायन्यात तोच शब्द घेतला. गारी, सबुनी, रंगी, पेसा, लाकी हे शब्द कानावर पडले की वाटतं, ही भाषा आपल्याला निम्मी येतेच. तिथेच फसायला होतं. किताबू एक आणि विताबू अनेक, म्हणजे शब्द शेवटाला न बदलता सुरुवातीला बदलतो, आणि त्याच्यामागे विशेषण, क्रियापद सगळी रांग बदलते. मुसोमातल्या माकोकोच्या भाषाशाळेत हे व्याकरण नीट शिकवतात. पण दाराबाहेर थांबून ‘होडी’ म्हणायचं, आतून ‘कारीबू’ आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, वयाने मोठ्या माणसाला आधी ‘शिकामू’, मग त्यांचं ‘माराहाबा’ ऐकायचं, मग घरची, कामाची, प्रवासाची अशी निदान तीन ‘हबारी’ विचारायची आणि मगच कामाचं बोलायचं, हे तुम्ही शिकवलंत. नवा माणूस थेट कामाला हात घालतो. त्याच्यावर कोणी रागावत नाही, फक्त त्याचं काम होत नाही, आणि का होत नाही ते त्याला कळतही नाही.

वेळेचंही तसंच. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. सा मोजा, म्हणजे एक वाजला, की आपले सकाळचे सात. सा न्ने म्हणजे चार नव्हे, सकाळचे दहा. रात्रीची मोजणी पुन्हा संध्याकाळी सातपासून. हिशेब सहा तासांचाच आहे, पण ‘मिस्सा सा न्नेला’ असं ऐकून दुपारी चारला पोचणारा नवा फादर दर काही वर्षांनी निघतोच. म्हणून प्रत्येक निरोपासोबत ‘असुबुही’ की ‘उसिकू’, सकाळ की रात्र, हे वेगळं विचारून घ्यायची सवय तुम्ही लावलीत.

किगांगोला निघायच्या आदल्या रात्री तुमचा फोन येतो, त्यात ख्रिस्तशरीर घेणाऱ्यांचा अंदाज असतो. दीडशे सांगितले तर दीडशे लहान भाकरी, एक मोठी आणि वर दहा. पावसात त्या दमट होऊन मऊ पडतात, म्हणून घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा. द्राक्षारस एका मिस्साला तीस-चाळीस मिलिलिटर पुरतो, पण मोठी बाटली अर्धी करून नेली की आतल्या हवेने आणि उन्हाने तो आंबतो, आणि आंबलेला द्राक्षारस मिस्साला चालत नाही. म्हणून छोट्या बाटल्या काठोकाठ भरून न्यायच्या. काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळायची. आजाऱ्यांना लावायचं पवित्र तेल खिशात ठेवायचं, पिशवीत नाही, कारण पिशवी मोटरसायकलवर मागे बांधलेली असते आणि आजारी माणसाचं घर वाटेतच लागतं.

मासिका, म्हणजे मार्च ते मेचा मोठा पाऊस. काळी माती आपल्या देशावरच्या लोकांना नवी नाही, पण तिच्यातून मोटरसायकल काढणं नवं असतं. चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये ठासून बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. जोर लावून गाडी रेटली की क्लच जळतो. तुमचा उपाय साधा: पाऊस सुरू व्हायच्या आधीच पुढचं मडगार्ड काढून ठेवायचं, सोबत हातभर काठी ठेवायची आणि चाक जड लागलं की लगेच थांबून माती खरवडायची. ओढ्याला लोंढा आला असेल तर काठावर बसून राहायचं. दोन तासांत उतरला तर ठीक, नाहीतर मागे फिरायचं. मिस्सा चुकली तर चालते, हे वाक्य एखाद्या बिशपांनी नव्हे, तुम्ही सांगितलंत, म्हणून ते पटलं.

उगालीबद्दल लिहायलाच हवं. चार माणसांना एक लिटर पाणी आणि अर्धा किलोच्या आसपास मक्याचं पीठ. सगळं पीठ एकदम उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, आणि गुठळीच्या पोटात पीठ कच्चं राहून रात्री पोट दुखतं. मूठभर पीठ आधी गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं, पातळ पेजेसारखं रटरटू द्यायचं, मग उरलेलं पीठ थोडं थोडं घालत म्विकोने, म्हणजे लाकडी चाटूने, पातेल्याच्या कडेला दाबत घोटायचं. तांदळाची उकड काढलेल्या हाताला हे चार दिवसांत जमतं. सोबत म्चिचा, म्हणजे आपला माठच, आणि दागा. सरोवरातली ही बोटाएवढी सुकी मासळी वसईकराला पहिल्याच घासाला घरी नेते.

मच्छरदाणीचं मोजक्यात: अंधार पडायच्या आधी गादीखाली खोचायची, आणि औषध लावलेली जाळी धुतली तर उन्हात वाळवायची नाही, औषध उतरतं.

तुमची ती शाळेची वही. स्नानसंस्काराची मुख्य नोंद धर्मग्रामाच्या पुस्तकात होते, पण आधी ती तुमच्या वहीत असते: मुलाचं नाव, जन्मतारीख, बापाचं आणि आजोबाचं नाव, आईचं नाव, धर्ममातापित्यांची नावं, किगांगो. गावात एकाच मुलाला आजी एका नावाने हाक मारते आणि शाळा दुसऱ्या. वीस वर्षांनी लग्न ठरतं, स्नानसंस्काराचा ताजा दाखला लागतो आणि पुस्तकात ते नाव सापडत नाही. म्हणून तुम्ही दवाखान्याच्या कार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर उतरवता आणि घरातलं नाव शेजारी लिहिता. परदेशी मिशनऱ्यांच्या हातून झालेल्या कितीतरी चुका त्या वहीने निस्तरल्या आहेत.

आता निरोपाचं. सगळ्यात मोठी शिकवण म्सीबाची, म्हणजे मयताच्या घरची. नवा फादर मिस्सा करतो, माती देतो आणि पुढच्या कामाला निघतो. तुम्ही त्याची बाही धरून त्याला बाकावर बसवता. ‘पोले’ म्हणायचं आणि मग काही न बोलता बसून राहायचं. वाढलेलं खायचं. रांबीरांबीच्या वहीत नाव घालायचं. ज्याने जे दिलं ते त्या वहीत लिहिलं जातं, पाचशे शिलिंग असोत की एक देबे मका. देबे म्हणजे आपला डबाच. ही वही हिशेबासाठी कमी आणि परतफेडीसाठी जास्त असते: ज्यांनी दिलं त्यांच्या घरी असा दिवस आला की आपण जायचं.

आणि मग एक दिवस निरोप वसईहून येतो. आई गेलेली असते. मुसोमाहून घर गाठेपर्यंत दोन दिवस जातात, तोवर माती देऊन झालेली असते, आणि पुष्कळदा जाणं होतच नाही. अशा वेळी संध्याकाळपर्यंत मिशनच्या अंगणात चटया येतात. बायका आत बसतात, पुरुष बाहेर शेकोटीभोवती. कोणी लाकडं आणतं, कोणी पीठ. जिने तिथल्या कोणालाही कधी पाहिलं नाही, त्या बाईसाठी पूर्ण रात्र जपमाळ चालते, आणि वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात वर तिचं नाव लिहिलेलं असतं. बाबा, या एका गोष्टीचे आभार मानायला मराठीत शब्द कमी पडतात. किस्वाहिलीत ‘असांते साना’ आहे, तोही पुरत नाही.

मिशनऱ्याची बदली ठरली की तुमची दुसरी शिकवणी सुरू होते. महिनाभर आधी सांगायचं. सगळ्यात लांबच्या किगांगोपासून निरोपाची मिस्सा सुरू करायची, म्हणजे ‘आमच्याकडे आलेच नाहीत’ हे कोणाच्या मनात राहत नाही. कोणाची शाळेची फी भरायचं कबूल केलं असेल तर ते नाव आणि रक्कम लिहून पुढच्याच्या हातात द्यायची. ‘पुढच्या वर्षी येईन’ असं मुलांना सांगायचं नाही, कारण मुलं महिने मोजतात. शेळी मिळाली तर दोन्ही हातांनी घ्यायची आणि नंतर गाजावाजा न करता दवाखान्याच्या स्वयंपाकघराला द्यायची. त्याच गावच्या बाजारात ती विकायची नाही. विमानात मोजकंच वजन नेता येतं, त्यात कांगाला, म्हणजे तिथल्या बायकांच्या छापील वस्त्राला, जागा ठेवायची. कांगाच्या काठाजवळ एक म्हण छापलेली असते. ज्या बाईने ती निवडली तिने त्या म्हणीतून काहीतरी सांगितलेलं असतं, म्हणून घडी घालायच्या आधी ती मोठ्याने वाचायची, आणि मिस्सा संपेपर्यंत कांगा खांद्यावरून काढायचा नाही.

मग कुसिंदिकिझा. पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत, त्याच्यासोबत वाटेचा तुकडा चालतात. आपल्याकडे वेशीपर्यंत पोचवायचे तसंच. या रीतीची मोठी खूण त्याच भूमीवर आहे, आणि तिच्यात नाशिकचाही वाटा आहे. १८७३ मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारले. त्यांचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरलं आणि देह सुसी, चुमा या त्यांच्या आफ्रिकी सेवकांनी आणि साथीदारांनी नऊ महिने चालत टांझानियातल्या बागामोयोच्या किनाऱ्यापर्यंत आणला. त्यांच्यातला जेकब वेनराइट हा गुलामगिरीतून सुटलेला आणि नाशिकच्या मिशनमध्ये शिकलेला. दफनाची प्रार्थना त्याने वाचली, झाडावर अक्षरं त्याने कोरली, आणि पुढे लंडनपर्यंत देहासोबत तोच गेला. १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रेरेटाउन ही गुलामगिरीतून सुटलेल्यांची वसाहत वसली, तेव्हा नाशिकला शिकलेली आफ्रिकी माणसं तिथे शिकवायला होती. पोचवायला सोबत चालणाऱ्यांची ही ओळख एवढी जुनी आहे.

तुम्ही बाओबाबच्या, म्हणजे गोरखचिंचेच्या, वळणापर्यंत येता. त्याच्या पुढे येत नाही, कारण पुढे आलात तर जाणाऱ्याला मागे वळून पाहावं लागेल. तिथे पिशवी जाणाऱ्याच्या हातात देता, आधी स्वतः पाठ फिरवता आणि गावाकडे चालू लागता.

पुढच्या पावसाच्या आधी दोन नव्या सिस्टर येत आहेत. त्यांना चाटू धरता येतो. शिकामू म्हणायला आम्ही इथेच शिकवलंय, पण हात किती खाली न्यायचा ते तुम्हीच दाखवा. एक सिस्टर मोटरसायकल चालवते, तिला मडगार्डचं आठवणीने सांगा. तुमच्यासाठी त्यांच्यासोबत दोनशे पानी जाड पुठ्ठ्याच्या चार वह्या पाठवत आहोत.

क्वाहेरी या कुओनाना. येतो, बाबा.

तुमच्या हाताखाली शिकलेले,
वसई आणि नाशिककडचे मिशनरी