पालकमंत्री महोदय, सत्कार नको, नाल्यावर पूल द्या

मा. पालकमंत्री महोदय,
सविनय जय हिंद.

परवा कोतवालाच्या हाती आपलं आमंत्रण पोचलं. 16 डिसेंबर, विजय दिवस, 1971 च्या जवानांचा सत्कार. मी येणार नाही. का, ते सगळ्यांना कळावं म्हणून उघड लिहितो.

गेल्या वर्षी याच दिवशी आपण स्टेजवर माझा हात धरून म्हणालात, "बाबा, पुढच्या पावसाळ्याआधी तुमच्या नाल्यावर पूल होणार." टाळ्या पडल्या. आषाढात एका रात्री माझ्या बायकोच्या छातीत दुखू लागलं. 108 ची गाडी पाऊण तासात आली, त्या पोरांचा काही दोष नाही. पण ती नाल्याच्या पलीकडे. रपट्यावर कमरेच्या वर पाणी. मुलांनी बंडी जुंपली, तर बैल पाण्यात पाय टाकेनात. डॉक्टर पलीकडून ओरडून विचारत होता, श्वास चालू आहे का. मी इकडून ओरडून सांगत होतो, आहे. पाणी पहाटे पाचला उतरलं. ती चारलाच गेली.

साहेब, मी मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीतला, जंगी पलटणीतला. ज्या लढाईसाठी आपण मला शाल घालता, ती कशी झाली ते एकदा ऐकून घ्या. 4 डिसेंबरला पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशच्या, सीमेवरचं कमालपूर ठाणं पडलं. पुढे ब्रह्मपुत्रा आडवी. नदीपलीकडे जमालपुरात पाकिस्तानची 31 बलुच पलटण खंदक धरून बसलेली. तिथल्या लोकांनी नावा आणल्या, बैलगाड्या आणल्या, आमची ओझी डोक्यावर घेतली. आम्ही नदी ओलांडली आणि जमालपूरच्या पाठीमागे जाऊन ढाक्याकडे जाणारा टांगाईलचा रस्ता अडवला. 10 तारखेच्या रात्री बलुच कोंडी फोडायला निघाले ते थेट आमच्या मोर्च्यांवर. त्या रात्रीचं मी घरात कधी कोणाला सांगितलं नाही. ती एकटी जाणत होती, कारण झोपेत मी ओरडलो की मला उठवून पाणी तीच द्यायची.

सकाळी जमालपूर मोकळं झालं. त्याच दिवशी टांगाईलजवळ आपली छत्रीधारी पलटण 2 पॅरा आभाळातून उतरली (हीसुद्धा मुळात मराठा लाइट इन्फंट्रीचीच) आणि पूंगलीचा पूल तिने धरून ठेवला. 12 ला संध्याकाळी आम्ही तिला जाऊन मिळालो. 16 च्या सकाळी आमचे जनरल नागरा साहेब ढाक्याच्या वेशीवर मीरपूरच्या पुलापाशी होते, आणि दिवस मावळायच्या आत ढाक्यात पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली. कमालपूर ते ढाका, तेरा दिवस. मध्येच आमचे आधीचे जनरल गिल साहेब सुरुंगावर जखमी झाले होते. नागरा साहेबांनी सूत्रं घेतली आणि कूच चालूच राहिली. इथे एक अभियंता बदलून गेला, तर आमच्या पुलाचं अंदाजपत्रक सात महिने कपाटात. नवा माणूस म्हणतो, मला चार्जमध्ये ही फाइलच मिळाली नाही. मी अकरा चकरा मारल्या. अकराव्या वेळी शिपाई म्हणाला, बाबा, आता घरी बसा.

हा एकट्या आमच्या गावाचा प्रश्न नाही. विदर्भाला योग्य वाटा देऊ म्हणणारा 1953 चा नागपूर करार झाला, विदर्भ महाराष्ट्रात आला, दरवर्षी नागपूरला अधिवेशन भरतं. 1984 मध्ये दांडेकर समितीने अनुशेष, म्हणजे विकासात राहिलेली तूट, मोजून दाखवला. वैधानिक विकास मंडळ होतं, 2020 मध्ये त्याचीही मुदत संपली. आम्हाला मोजतात फार. कापूस मोजतात, पाऊस मोजतात, आत्महत्या मोजतात, आमचा नाला तर तीनदा मोजून गेले. खुंट ठोकलेले आहेत, त्यांना आता आमच्या शेळ्या बांधतात. मत मागायला मात्र आपली माणसं त्याच रपट्यावरून येतात, उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात, पाणी नसताना.

मला पेन्शन मिळते, जमीन नको, कमानीवर नाव नको. गेल्या वर्षीची शाल तिच्या अंगावर घालून तिला नेलं, ती तिच्याबरोबरच गेली.

नाल्यात आज घोटाभर पाणी आहे. काम करायचं तर हेच दिवस आहेत, मे संपेपर्यंत. माझ्या धाकट्या सुनेचे दिवस जूनअखेर भरतात.

आपला,
एक माजी हवालदार