अर्धवट खर्ड्यांतून एक निवडायला शिकवणाऱ्या संपादकताईंना

ताई,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र जाहीर लिहितोय, कारण तुमची रीत अर्धवट लेखन साठवून बसलेल्या कुणालाही कामी येईल. चार-पाच खर्डे उघडे पडलेले असतात, एकही पुरा होत नाही, आणि आता कुठलं हातात घ्यायचं या विचारातच बैठक संपते. या प्रश्नाला ठरलेलं उत्तर म्हणजे ‘ज्यात मन रमतं ते’. ते उत्तर तुम्ही खोडून काढलंत, त्याबद्दल पहिले आभार. मन बहुधा सगळ्यांत नव्या खर्ड्यात रमतं, कारण त्यातल्या अडचणी अजून दिसलेल्याच नसतात. 5 हजार शब्दांवरची कादंबरी 40 हजारांवरच्या कादंबरीपेक्षा नेहमीच देखणी वाटते.

तुम्ही विचारता ते वेगळंच: कुठे अडलंय आणि कशामुळे?

त्यासाठी खर्ड्यागणिक एक कार्ड. त्यावर लेखनप्रकार, झालेले शब्द, अजून लागतील असे शब्द, शेवटचा हात कधी लागला ते, आणि कुठे थांबलं ते. हे सगळं आधी फाइल न उघडता, आठवणीतून. अट विचित्र वाटते, पण निम्मा निकाल इथेच लागतो: एखाद्या खर्ड्यातला पुढचा प्रसंग अजून डोळ्यांसमोर येतो, आणि एखाद्यातल्या नायिकेचं नावसुद्धा आठवत नाही. मग वाचन. पहिली 3 पानं आणि शेवटची 10, पेन लांब ठेवून. पेन हाती असलं की स्वल्पविराम दुरुस्त होऊ लागतात, आणि कळायच्या आत त्याच खर्ड्यावर काम सुरू झालेलं असतं. निवड झालेलीच नसते.

खरे आभार मात्र अडण्याचे प्रकार वेगळे करून दाखवल्याबद्दल. शेवट ठाऊक आहे पण तिथवर जाणारी दोन प्रकरणं सुचत नाहीत, असा खर्डा सगळ्यांत आधी घ्यावा. तिथे फक्त बैठक कमी पडलेली असते. माहिती अपुरी असेल तर ते काम लेखनाचं नाहीच. कुठले प्रश्न विचारायचे याची यादी करावी, आणि उत्तरं मिळेपर्यंत तो खर्डा रांगेतून बाहेर काढावा. निवेदक चुकलेला असेल तर ते सहसा मध्यावर उघडं पडतं: ज्याला प्रसंग दिसूच शकत नाही त्याच्या तोंडी तो घालावा लागतो, मग पत्रं, फोन, दाराआडून ऐकणं अशा कसरती वाढतात. अशा वेळी पुढे रेटण्यात अर्थ नाही. एकच प्रसंग दुसऱ्या पात्राच्या नजरेतून 500 शब्दांत लिहून पाहावा. सरळ उतरला तर पुनर्लेखनाची किंमत मोजायला हरकत नाही. आणि शेवटच ठाऊक नसेल, तर 200 शब्दांत तीन वेगवेगळे शेवट लिहावेत. तिन्ही सारखेच बेचव निघाले, तर अडचण शेवटाची नसून विषयाची आहे. हे कबूल करणं जड जातं, विशेषतः 40 हजार शब्द खर्ची पडल्यावर. पण तुमचं म्हणणं रास्त आहे: झालेले शब्द हे पुढे लिहिण्याचं कारण होत नाही.

मग हिशेब. 80 हजारांच्या कादंबरीचे 35 हजार झाले असतील, तर उरले 45 हजार. दिवसाला 300 शब्द, आठवड्याचे 5 दिवस, म्हणजे 30 आठवडे, पुनर्लेखन वेगळं. 5 हजारांच्या कथेचे 2 हजार उरले असतील, तर 7 बैठका. म्हणून दोन आठवड्यांत हातावेगळं होणारं काही असेल तर ते आधी संपवावं. मात्र असं छोटं काम एकच. लागोपाठ तीन कथा ‘आधी संपवून टाकू’ म्हटलं, की कादंबरी टाळायला सभ्य सबब मिळते.

इतकं करूनही दोन खर्डे बरोबरीत उरले, तर दोघांना एकेक आठवडा: 45 मिनिटांच्या 5 बैठका. पहिल्या दोन बैठका निकालात धरायच्या नाहीत, हे तुम्ही बजावलंत ते फार बरं झालं. जुन्या खर्ड्याचा सूर परत सापडायला तेवढा वेळ जातोच, आणि त्याच दोन दिवसांच्या जोरावर चांगले खर्डे बाद होतात. तिसरीपासून पाहायचं ते शब्दसंख्येपेक्षा हे: उठताना पुढचं वाक्य डोक्यात होतं का? खर्ड्यांना गुण देऊन निवडायचा तक्ता मात्र आम्हाला कधीच पटला नाही. मनातल्या खर्ड्याला गुण वाढवून द्यायचा मोह कुणालाही आवरत नाही.

शेवटचे आभार बाजूला ठेवलेल्या खर्ड्यांच्या वतीने. 1927 मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी मांडलं, की मध्येच तुटलेलं काम पुऱ्या झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं. पुढे 2011 मध्ये मासिकँपो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दिसलं, की अपुऱ्या कामाची नेमकी योजना ठरवली की त्याची टोचणी कमी होते. तुमची निरोपाची चिठ्ठी नेमकं तेच करते. खर्ड्याच्या पहिल्या पानावर लिहायचं: कुठे थांबलो, पुढचा प्रसंग कोणता, कुठल्या पात्राला काय ठाऊक आहे, कुठले निर्णय पक्के, आणि परत कधी पाहायचं ती तारीख. साधारण तीन महिन्यांनंतरची. ‘पुढे चालू’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी निरुपयोगी. तीन महिन्यांनी तिच्यातून काहीच उमगत नाही. मग फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, आणि कार्ड गठ्ठ्यात सगळ्यांत खाली.

निवडलेलं बदलायचं झालंच तर प्रकरण संपल्यावर, प्रकरणाच्या मध्ये नाही, हा तुमचा नियम भिंतीवर चिकटवला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
एक खर्डा टेबलावर आणि बाकीचे फोल्डरमध्ये ठेवलेले लेखक