आधी ओव्या, मग विंडोज

नेरुळ,
३ जानेवारी २०२६

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, 'सपोर्ट संपला' असं स्क्रीनवर आल्यापासून तुम्ही कॉम्प्युटर लावतच नाही, असं आई म्हणाली. फोनवर बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहितेय.

मशीन बिघडलेलं नाही. विंडोज १० ची नेहमीची अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. त्यामुळे सुरक्षेतल्या नव्या त्रुटी आता आपोआप दुरुस्त होणार नाहीत. त्यानंतरच्या विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर (कॉम्प्युटरची मुख्य चिप) लागतो, आपला सहाव्या पिढीचा आहे. दुकानदार म्हणतो तसं प्रोसेसरची तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येतं. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मग ज्या सुरक्षेसाठी एवढा खटाटोप, तीच बेभरवशाची. त्याला नाही सांगा.

विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला की त्याचे पैसेही पडत नाहीत. रविवारी ठाण्याला येईन तेव्हा करून देते. तोवर बँकेचं काम त्यावर नको.

मला खरी काळजी हार्ड डिस्कची आहे. ती नऊ वर्षांची झाली, आणि आई सांगत गेली तशा तुम्ही टाइप केलेल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या फाइली फक्त तिच्यावरच आहेत. आजी गेली, आता ओव्या पुन्हा कोण सांगणार? शिवाय त्या जुन्या, युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं नीट दिसावीत अशी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली तर ओवीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. म्हणून फाइलींबरोबर फॉन्टही दोन पेनड्राइव्हवर घेऊ. एक तुमच्या कपाटात, एक माझ्याकडे. पुढे सगळं युनिकोडमध्ये करायचं काम माझं. तुम्ही फक्त शेजारी बसून शब्द तपासा.

हे झालं की जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची डिस्क, बसवू. चालू व्हायला लागणारा वेळ बराच कमी होईल. नवीन मशीनचं दिवाळीच्या आधी ठरवू.

आई, शब्द तपासताना लागेल म्हणून ओव्यांची तुझी निळी वही माळ्यावरून काढून ठेव. तू स्वतः चढू नकोस, वॉचमनकाकांना सांग.

तुमची,
मनू